दहा मीटरांची साखळी

मीटर सर्वांना ठाऊक आहे, किलोमीटर तर रस्त्याच्या दगडावरच लिहिलेला असतो. मधल्या डेकामीटरला मात्र कोणी विचारीत नाही. डेकामीटर म्हणजे दहा मीटर. शाळेत तो पाठ करावयाचा आणि परीक्षा संपताच विसरावयाचा! तरीही ज्याच्या नावावर थोडीबहुत जमीन आहे, त्याच्या सातबारावर हा विसरलेला गृहस्थ ठाण मांडून बसलेला आहे.

1789 पूर्वी फ्रान्समध्ये गावोगाव मापे निराळी होती. सरदार खंडाचे धान्य आपल्याच मापाने मोजून घेई. क्रांतीच्या तोंडावर लोकांनी राजाकडे ज्या गाऱ्हाण्यांच्या वह्या पाठविल्या, त्यांत माप सर्वत्र एक असावे ही मागणी पुनःपुन्हा येते. मला हे वाचून नवल वाटले नाही. तरुणपणी मी मागावर होतो, मजुरी मीटरवर. कापडाची एक घडी म्हणजे एक मीटर असे धरून हिशेब होई. एकदा आम्ही चौघांनी पट्टी लावून पाहिली, तो घडी दोन बोटे जास्त! मालकांचे उत्तर असे की, कापड आकसते, त्याची ती सूट. माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज मी त्या दोन बोटांसाठी लिहिला.

7 एप्रिल 1795 रोजी फ्रान्समध्ये कायदा झाला. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग तो मीटर, आणि जमिनीसाठी दहा मीटर बाजूचा चौरस तो आर. आर म्हणजे चौरस डेकामीटरच. असे शंभर आर मिळून हेक्टर. लोक मात्र लगेच वळले नाहीत. 1812 साली नेपोलियनला जुनी नावे पुन्हा चालू द्यावी लागली. सक्ती आली ती 1 जानेवारी 1840 पासून.

आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. त्याआधी आपली मोजणी 33 फुटी साखळीने होई. साखळीचे सोळा आणे, आणि साखळीचा चौरस तो गुंठा. आता गंमत पाहा: 33 फूट म्हणजे 10.06 मीटर. आपली साखळी आणि फ्रेंचांचा डेकामीटर यांत जेमतेम सहा सेंटिमीटरांचे अंतर! म्हणून शेतकरी ‘आर’ वाचतो आणि मनात ‘गुंठा’ म्हणतो.

पण गुंठा 101.17 चौरस मीटरांचा, आर 100 चा. एकराचे गुंठे 40, आर 40.47. खरेदीखतात 40 आर लिहून तोंडाने ‘एकर’ म्हटले, तर घेणाऱ्याचे 47 चौरस मीटर जातात. म्हणजे सुमारे 500 चौरस फूट. आमच्या कामगार वस्तीत तेवढ्या जागेत दोन बिऱ्हाडे राहतात.