पाठ टेकण्यापुरती जागा

खंडवा-भुसावळ लोहमार्गावर चांदनी नावाचे एक लहानसे स्थानक आहे. या बाजूच्या खेड्यांतून मुंबईस निघणाऱ्या माणसाला तिकिटाची चिंता फारशी नसते. चिंता असते ती गाडीतून उतरल्यानंतरच्या रात्रीची. महागड्या शहरात उतरायचे कोठे? श्रोतेहो, हा प्रश्न आजचा नव्हे. चारशे वर्षांपूर्वी जवळच्याच बऱ्हाणपुरात तो एका राजदूतालाही पडला होता.

१६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपुरास पोहोचला. बऱ्हाणपूर तेव्हा मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे केंद्र होते आणि शहाजादा परवेझ याचा मुक्काम तेथेच होता. रोला सराईत उतरविण्यात आले. सराईचा दर्शनी भाग दगडी नि देखणा. पण वाट्यास आल्या त्या चार विटांच्या खोल्या, भट्टीएवढ्या आणि भट्टीसारख्याच गोल माथ्याच्या. वकीलसाहेबांनी अखेर आपल्या तंबूंचा आश्रय घेतला.

रोची तक्रार खोटी नव्हती. परंतु ज्याच्यापाशी तंबू नव्हता, त्याच्या नजरेने पाहिले म्हणजे सराई निराळी दिसते. चौफेर भिंत, मध्ये अंगण, रात्री बंद होणारा दरवाजा, चार पैशांत अन्न शिजवून देणारे भटियारे. अंथरूण ज्याचे त्याने आणावयाचे. बऱ्हाणपुरात जहांगीराच्या काळातील अकबरी सराई आजही उभी आहे. अशा वास्तूत ऐषआरामाचा विचार नव्हता; लुटला न जाता वाटसरूने सकाळ पाहावी, एवढाच हेतू होता. उणेपणा एकच. सराई राजाच्या हुकमाने उभी राही आणि राजसत्ता खचली की तिची डागडुजी करणारा कोणी उरत नसे.

पुढे आगगाडी आली. मार्च १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूरमार्गे पूर्ण झाला आणि निमाड-खानदेशातील माणसाला मुंबई जवळ आली. जवळ आली, पण स्वस्त झाली नाही. राजाची जागा आता दात्यांनी घेतली. ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. या कामात गाडगेबाबांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. हाती खराटा नि खापर घेऊन हिंडणाऱ्या या पुरुषाने स्वतःसाठी घर बांधले नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे मात्र परक्यांसाठी धर्मशाळा बांधविल्या. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना इतरत्र दार बंद असे, म्हणून पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. परळचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथे दूरदूरच्या गावांतून येणाऱ्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या नातलगांना बाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा आधार देते.

मुंबईतील तिसरा मार्ग आम्हा ख्रिस्ती मंडळींच्या विशेष परिचयाचा. तो म्हणजे गोवेकरांचे कुड. एकोणिसाव्या शतकात गोव्याचे खलाशी, आचारी, वादक मुंबईस येऊ लागले. एक बोट सुटली की दुसरी मिळेपर्यंत राहावयाचे कोठे? गावोगावच्या लोकांनी धोबी तलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या नावे खोल्या घेतल्या. धोबी तलावच्या जेर महाल इमारतीत असे कितीतरी कुड एकत्र नांदले. भिंतीशी ट्रंकांची रांग, जमिनीवर चटई, महिन्याची अल्प वर्गणी. दारू नि जुगार वर्ज्य; तिन्हीसांजेनंतर वेदीपुढे सर्वांनी मिळून रोझरीची प्रार्थना करावयाची. येथे कोणी पाहुणा नव्हता आणि कोणी दाताही नव्हता. आज मी बोटीवर असेन, तर माझ्या वर्गणीवर तू नीज. उद्या तुझ्या वर्गणीवर मी. परक्या नगरीत गाव असे टिकून राहिले.

सराई हुकमाने चालली, धर्मशाळा दानाने, कुड वर्गणीने. तिघांत मला कुड अधिक मोलाचा वाटतो. कारण तेथे गरिबाला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. आज कुडांतील माणसे रोडावली आहेत आणि मुंबईच्या जमिनीला सोन्याचा भाव आहे. रिकामी चटई हिशेबाच्या वहीत तोटाच दिसणार. परंतु ती रिकामी ठेवलेली असते ती अजून न आलेल्या माणसासाठी. परीक्षेला निघालेला एखादा मुलगा, आजारी लेकराला घेऊन निघालेली एखादी माता आजही चांदनीसारख्या स्थानकावर गाडीची वाट पाहत असेल. आपल्या गावाने, आपल्या मंडळाने त्यांच्यासाठी शहरात एक कोपरा राखला आहे काय, हे आपण एकदा एकमेकांना विचारावयास हवे.