दहावीनंतर वेबसाइट बनवायला शिकायचंय? आयटीआयचा ‘कोपा’ ट्रेड काय आहे, जाणून घ्या

कॉम्प्युटरची आवड आहे, पण शहरात राहून डिग्री करणं परवडत नाही, अशा मुलामुलींसाठी आयटीआयमध्ये ‘कोपा’ ट्रेड आहे. कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट हे त्याचं पूर्ण नाव.

पात्रता : दहावी पास, वय किमान १४ वर्षे.

कालावधी : १ वर्ष.

प्रवेश : व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, मग गुणवत्ता यादी. दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला आधीच काढून ठेवा.

काय शिकवतात? विंडोज, लिनक्स, एक्सेल, डेटाबेस, नेटवर्किंग आणि सायबर सुरक्षा. एचटीएमएलने वेबपेज कसं उभं करायचं आणि जावास्क्रिप्टने ते कसं चालतं करायचं, हेही यात येतं.

एवढ्याने भागतं का? नाही. वेबसाइट बनवणं वेगळं, सांभाळणं वेगळं. डोमेनचं नूतनीकरण वेळेवर केलं नाही तर चालू साइट बंद पडते. बॅकअप नसेल तर सगळी माहिती जाऊ शकते. हा सराव स्वतःच वाढवावा लागतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून कल्पना येते, हात मात्र कीबोर्डवरच बसतो.

फी भरण्याआधी एवढं पाहा : परीक्षा पास झाल्यावर आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. खासगी क्लासचं सर्टिफिकेट म्हणजे ते नव्हे. संस्थेला या ट्रेडची मान्यता आहे का, हे जवळच्या सरकारी आयटीआयत विचारा. मगच पैसे द्या, पावती घ्या.