झाओ पर्वतावरील हिमवृक्ष

जपानच्या उत्तर भागांत, यामागाता व मियागी या दोन प्रांतांच्या सीमेवर, झाओ नांवाची पर्वतराजि आहे. तिच्या उतारावर गंधकाच्या उष्ण झऱ्यांचें एक जुनें गांव, त्याच्या लगत बर्फावरून घसरण्याच्या खेळाच्या उतरणी, आणि त्यांच्याहि वर फर जातीच्या वृक्षांचें वन. ऐन थंडींत या वनांतील एकहि झाड झाड म्हणून ओळखूं येत नाहीं. शुभ्र बुरखे पांघरलेल्या राक्षसांची सेनाच जणुं डोंगर चढत आहे, असा भास होतो. जपानी लोक यांस ‘जुह्यो’ म्हणतात.

हा चमत्कार नुसत्या हिमवर्षावाचा नव्हे. तसा तो असता तर थंड देशांतील प्रत्येक डोंगरावर दिसता. सैबेरियाकडून येणारे कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून जातांना बाष्प शोषून घेतात. मार्गांतील डोंगरांवर बरेंचसें बर्फ टाकून ते झाओवर पोंचतात, तेव्हां त्यांच्या ढगांतील जलबिंदु शून्य अंशाखालीं उतरूनहि गोठलेले नसतात. फांदीचा स्पर्श होतांच मात्र ते तत्क्षणीं गोठतात. नवल हें कीं, हें बर्फ वाऱ्याच्या दिशेस पाठ न करतां वाऱ्यावर चाल करून वाढतें. त्याच्या आकारास तेथील लोक ‘कोळंबीचें शेपूट’ म्हणतात. फटींत हिमकण अडकतात, त्यावर पुन्हां बिंदु गोठतात, आणि फेब्रुवारींत वृक्ष पुरता गडप होतो.

या फर वृक्षाच्या शास्त्रीय नांवांत चार्ल्स मेरीज या इंग्रज वनस्पतिसंग्राहकाचें नांव गोंवलेलें आहे. लंडनच्या व्हीच या रोपवाटिकेसाठीं तो १८७७ ते १८७९ या काळांत जपान व चीन हिंडला. मराठी श्रोत्यांस कौतुक वाटावें अशी गोष्ट पुढेंच आहे. हाच मेरीज नंतर हिंदुस्थानांत आला, प्रथम दरभंग्याच्या व मग ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या बागांचा अधीक्षक झाला, आणि आंब्यांच्या जातींच्या अभ्यासांत रमला. १९०२ सालीं तो वारला. हिमांत गाडल्या जाणाऱ्या वृक्षाचा शोधक अखेरीस आंबराईंत रमावा, हा योग विरळाच!

पर्वताचें नांव झाओ गोंगेन या देवतेवरून पडलें. डोंगरांत तप करणाऱ्या शुगेंदो पंथाच्या साधकांची ती देवता. हिवाळ्यांतील शिखरें सामान्य जनांस खुलीं झालीं तीं स्कीमुळें. १९११ सालीं लेर्ख नांवाच्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्यानें ताकादा येथील जपानी सैनिकांस ती विद्या शिकविली, व तेथून ती देशभर पसरली. १९५० सालीं एका वृत्तपत्रानें घेतलेल्या लोकमतांत पर्वतांमध्यें झाओस पहिलें स्थान मिळालें, आणि ताकायु हें गांवाचें जुनें नांव जाऊन झाओ ओन्सेन हें नांव रूढ झालें. आतां पाळण्यांत बसून वृद्धहि शिखराजवळ जातात.

पण राक्षस उभे राहण्यास आंत झाड जिवंत व पानांनीं भरलेलें असावें लागतें. २०१३ च्या सुमारास एका पतंगाच्या अळ्यांनीं हीं पानें खाल्लीं. दुबळ्या झालेल्या झाडांच्या सालींत पुढें भुंगे शिरले, आणि यामागाताच्या बाजूस हजारों वृक्ष वाळून गेले. ओक्याबोक्या खोडावर बर्फ धरतें, पण तें खांबासारखें बारीक. वनखात्यानें खालच्या रानांत आपोआप उगवलेलीं रोपें उचलून शिखराजवळ लावण्यास आरंभ केला आहे. त्या थंडींत हें झाड फार सावकाश वाढतें. रोपांस राक्षसाची उंची येण्यास कित्येक दशकें लागतील.