उंदराने दिलेला दात

तुमच्या घरात नुकताच कुणाचा दुधाचा दात पडलाय का? इथे तो उशीखाली जातो आणि सकाळी त्या जागी डॉलर सापडतो. आपल्याकडे मात्र आजी तो छपरावर टाकायला लावायची, नाहीतर उंदराच्या बिळापाशी. नवा दात उंदरासारखा यावा म्हणून! आजची गोष्ट उंदराने खरोखरच दात देऊ केल्याची आहे. घेणारी होती कोंबडी.

आधी दाताविषयी थोडं. बाळ पोटात सहा आठवड्यांचं होतं, तेव्हाच त्याच्या दातांची तयारी सुरू होते. तोंडाच्या आतल्या अस्तराचा एक थर असतो, तो पुढे इनॅमल बनवतो. त्याखाली दुसरा मऊ थर, तो डेंटिन बनवतो. दोघांच्या मधे प्रथिनांचा एक पातळ पडदा. मग इथे दात आणि तिथे दाढ, हे ठरवतं कोण?

१९६९-७० मध्ये एडवर्ड कोलार आणि ग्रेस बेअर्ड या दोघांनी उंदराच्या भ्रूणातले हे थर सुटे केले आणि अदलाबदल करून जोडले. वर पटाशीच्या दाताचा थर, खाली दाढेचा. तयार झाली दाढ! मग त्यांनी वर चक्क उंदराच्या तळपायाची कातडी ठेवली. तिथेही दात आला. म्हणजे सत्ता खालच्या थराची, असं वाटू लागलं. पण १९८७-८८ च्या सुमारास कळलं की अगदी सुरुवातीचा हुकूम वरचाच थर देतो. उंदराच्या गर्भात साधारण बाराव्या दिवशी सूत्रं खालच्या थराकडे जातात. थोडक्यात, सासूबाईंनी किल्ल्या सुनेच्या हाती द्याव्यात तसं.

आणि मधला पडदा? त्याला कित्येक वर्षं कुणी फारसं विचारत नव्हतं. फिनलंडमध्ये हेलसिंकीला इर्मा थेस्लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन थरांच्या मधे बारीक भोकांची गाळणी ठेवून पाहिलं. १९७८ मध्ये त्यांनी दाखवलं की खालच्या पेशी त्या पडद्याला अगदी जवळून भिडल्या, तरच त्या डेंटिन घडवणाऱ्या पेशी होतात. म्हणजे पेशींच्या भोवतालचं हे जाळं नुसतं भरताड नव्हे. पेशी त्यातून निरोप घेतात.

आता कोंबडी. पक्ष्यांचे दात कोट्यवधी वर्षांपूर्वी गेले. चणे आहेत पण दात नाहीत, अशी त्यांची गत. १९८० मध्ये इथल्याच कनेक्टिकटमध्ये कोलार आणि ख्रिस्तोफर फिशर यांनी कोंबडीच्या भ्रूणातला वरचा थर उंदराच्या दाढेच्या खालच्या थरावर ठेवला आणि ती जोडी एका उंदराच्या डोळ्यात वाढवली. (हो, डोळ्यात. तिथे असे तुकडे जगतात.) काही तुकड्यांत दात तयार झाले, आणि त्यांवर इनॅमलही होतं! ‘सायन्स’ नियतकालिकात निबंध आला, जगभर गाजला. कोंबडीत इनॅमलची जनुकं नुसती झोपलेली आहेत, उंदराने त्यांना जागं केलं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मला ही गोष्ट फार आवडायची, म्हणून पुढचं सांगताना जरा जड जातं. कोंबडीचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला, आणि २००८ पर्यंत स्पष्ट झालं की इनॅमलची मुख्य जनुकं तिच्यात एकतर नाहीतच किंवा मोडून पडलेली आहेत. मग त्या दातांवर इनॅमल आलं कुठून? बहुधा उंदराच्याच वरच्या थराच्या चार पेशी चुकून चिकटून राहिल्या असाव्यात.

तरी सगळंच वाहून गेलं नाही. २००६ मध्ये एका जनुकदोष असलेल्या कोंबडीच्या भ्रूणात, उंदराची काहीही मदत नसताना, जबड्यावर मगरीच्या पिल्लासारखे शंकूच्या आकाराचे अंकुर दिसले. त्यांवर इनॅमल नव्हतं. दात सुरू करण्याचा निरोप कोंबडी विसरलेली नाही, तो दात पुरा करायचं सामान मात्र तिच्या घरात आता उरलेलं नाही.