क्राउन-पिनियन गुणोत्तर : ओढकामासाठी निवड

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला जे लहान दातेरी चक्र असते ते पिनियन. त्याला काटकोनात जुळून चाकांचे आस फिरवते ते मोठे चक्र क्राउन. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की मागील आसाचे गुणोत्तर निघते. ४१ आणि ११ दाते असतील तर ३.७३, ४१ आणि १० असतील तर ४.१०. दोन्ही संख्यांना समाईक विभाजक नसलेली जोडी सहसा पसंत करतात, कारण मग प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. ही चक्रे कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. म्हणून एक मोडले तरी मिस्त्री सेटच मागवतो.

आकडा मोठा तर ओढ जास्त आणि वेग कमी. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर भरतो. ताशी ६० किमी वेगाने चाक मिनिटाला साधारण ४५० फेरे घेते. गिअरबॉक्सचा गिअर सरळ, म्हणजे १ : १ असेल, तर इंजिनाचे फेरे ३.७३ ला सुमारे १,६९० आणि ४.१० ला १,८५५ होतात. फरक दहा टक्क्यांचा. तेवढीच ओढ वाढते आणि इंजिनाला त्याच वेगासाठी तेवढेच जास्त पळावे लागते. गाडीचा जोर दुप्पट झाल्याच्या गोष्टी चहाच्या टपरीवरच ठेवाव्यात.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या काठच्या उमरखेड तालुक्यात हा हिशेब प्रत्यक्ष तपासता येतो. इथला ऊस, कापूस, हळद, सोयाबीन आधी काळ्या रानातून निघून डांबरी रस्त्याला लागतो आणि मग नागपूर–तुळजापूर महामार्गाला किंवा पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्याकडे वळतो. पिकअपवाल्याचा माल बहुधा हौद्यातच असतो. मागे ट्रॉली क्वचित. ट्रॉल्या ओढायच्या त्या ट्रॅक्टरच्या हेडने.

समजा पिकअप आणि ट्रॉली मिळून ५ टन आहे. १५ मीटरला १ मीटर चढणाऱ्या पक्क्या रस्त्यावर चढासाठी सुमारे ३३५ किलो आणि टायरच्या घर्षणासाठी ७५ किलो, म्हणजे ४१० किलोची ओढ लागते. इंजिनाची पीळशक्ती २०० न्यूटन-मीटर आणि पहिला गिअर ४ : १ धरला, तर ४.१० गुणोत्तराला चाकाशी, घर्षणातली घट न धरता, साडेनऊशे किलोच्या आसपास ओढ मिळते, ३.७३ ला पावणेनऊशे. दोन्ही पुरेशा. फायदा दिसतो तो वरच्या गिअरमध्ये: चढावर गिअर थोडा उशिरा उतरवावा लागतो, आणि भरल्या गाडीने जागेवरून निघताना क्लच कमी जळतो.

ओल्या काळ्या जमिनीत मात्र गणित फिरते. मागच्या आसावर दीड टन भार असला आणि चिखलात चाकाची पकड त्याच्या एक तृतीयांश धरली, तर पाचशे किलोच्या वर ओढ जमिनीला देताच येत नाही. तिथे गुणोत्तर कितीही वाढवा, चाक जागच्या जागी फिरणार. परतीच्या पावसात सोयाबीन बाहेर काढायला ट्रॅक्टरच लागतो तो यामुळे: मागच्या मोठ्या चाकांवर वजन, खोल नक्षीचे टायर, आणि क्राउन-पिनियननंतर आणखी एक दातेरी घट. पहिल्या लो गिअरमध्ये त्याचे एकूण गुणोत्तर दोनशेच्या घरात जाते. वरच्या पिकअपचे सोळा-साडेसोळा.

जुन्या जीपचे उदाहरण बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीचे आसगुणोत्तर ४.८८ होते. १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी काढलेल्या सीजे-२ए या नागरी जीपला ते ५.३८ केले, कारण तिला नांगर आणि ट्रॉली ओढायची होती. पुढे मुंबईत महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतल्या. त्या जातीच्या गाड्या महामार्गावर कण्हत चालतात, त्याचे एक कारण हे गुणोत्तर.

निवड करताना रिकामा परतीचा फेरा विसरला जातो. माल टाकून येणारी गाडी निम्मे अंतर हलकी पळते आणि तिथे मोठे गुणोत्तर डिझेल खाते. रोज चढ किंवा ट्रॉली नसेल तर कारखान्याचे गुणोत्तर राहू द्यावे आणि चढाला गिअर उतरवावा, हेच शहाणपणाचे. आजच्या टर्बो डिझेलांना कमी फेऱ्यांतही जोर असल्याने बदलाची गरज आणखी घटली आहे. उताराला मोठे गुणोत्तर इंजिनाचा ब्रेक जास्त देते खरे, पण ब्रेक, चासी आणि हूक यांची क्षमता त्याने तसूभर वाढत नाही.

मोठे टायर चढवले की परिणामी गुणोत्तर आपोआप कमी होते, आणि गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर चुकतो. चारही चाके चालणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा सेट एकाच गुणोत्तराचा हवा. नाहीतर कोरड्या रस्त्यावर चारही चाके जोडताच शाफ्टना पीळ बसून काहीतरी तुटते. जुन्या गाडीचे गुणोत्तर माहीत नसेल तर पुढच्या चाकांना ओट लावावी, गिअर न्यूट्रलला ठेवावा, मागचे एक चाक जॅकवर उचलून पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि शाफ्टचे फेरे मोजावे: चारपेक्षा किंचित जास्त भरले तर ४.१०, पावणेचारच्या आसपास भरले तर ३.७३.