न झोपलेल्या रात्रींचा हिशोब

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तापी आहे. ती प्रकाशाजवळ गोमाईला सोबत घेते, पश्चिमेला जाते, उकाईच्या धरणात अडते आणि सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळते. इथल्या माणसालाही समुद्र बघायचा तर जवळची वाट तीच. नंदुरबार स्टेशनवरून सुरतेची गाडी, पुढे डुमसचा काळ्या वाळूचा किनारा.

पण समुद्र विकायला किनारा लागत नाही, एसी हॉल पुरतो. लकी ड्रॉच्या कुपनावर तुम्ही मोबाइल नंबर लिहिता, आठवड्याभरात फोन येतो. बक्षीस लागलंय, जोडीनं या. हॉलमध्ये गोव्याच्या बीचचा व्हिडिओ चालू असतो. दोन तासांनी तुम्ही पुढच्या कित्येक वर्षांच्या सुट्ट्या विकत घेतलेल्या असतात. याचं नाव टाइमशेअर. यात नेमकं काय विकलं जातं, हे त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

कल्पना युरोपातली, 1960च्या दशकातली. स्वित्झर्लंडमध्ये 1963 साली हापिमाग नावाची कंपनी निघाली. लोकांनी भाग घ्यायचे, कंपनीनं त्या पैशांतून सुट्टीची घरं घ्यायची आणि भागधारकांनी ती आळीपाळीनं वापरायची. फ्रान्सच्या आल्प्समध्येही त्याच दशकात एका रिसॉर्टनं खोलीचे आठवडे विकले. हिशोब सरळ होता. वर्षाला 52 आठवडे, तुम्हाला हवा एकच, मग पूर्ण घराचे पैसे का भरायचे?

अमेरिकेत ही कल्पना पोचली तेव्हा तिचा सूर बदलला. 1970च्या दशकात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बांधलेले फ्लॅट मंदीमुळे पडून होते. अख्खा फ्लॅट घ्यायला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा बिल्डरांनी तो आठवड्यांनी विकायला काढला. 1974 साली आरसीआय ही कंपनी निघाली आणि आपला आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशी बदलून घ्यायची सोय झाली. आधी गरज होती ती राहणाऱ्याची, आता घाई होती ती विकणाऱ्याची. या घाईचा त्रास इतका वाढला की 1994 साली युरोपीय संघानं नियम केला: सही केल्यावर 10 दिवसांत ग्राहकाला करार मोडता येईल. पुढे ही मुदत 14 दिवस झाली. भारतात टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही.

आपल्याकडे 1986 साली स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स आली, 1996 साली महिंद्रा हॉलिडेज. मराठी घरात तोवर सुट्टी म्हणजे मामाचं गाव. मे महिना ठरलेला, घर ठरलेलं, मेंटेनन्स म्हणून आंब्याची पेटी किंवा मामीला साडी. शहरांत घरं लहान झाली, मामाही फ्लॅटमध्ये राहायला गेला, आणि ती जागा रिकामी झाली. क्लब महिंद्राचं ठरलेलं सभासदत्व होतं 25 वर्षांचं, वर्षाला 7 दिवस. हंगामांना रंग होते: जांभळा, लाल, पांढरा, निळा. मामाच्या गावाला हंगाम एकच होता, आणि तिथं बुकिंग फुल होत नसे.

गोव्यात याच धंद्याचं वेगळं रूप दिसलं. कळंगुट, कांदोळीच्या रस्त्यांवर स्कूटरवरची पोरं पर्यटकांना स्क्रॅच कार्ड द्यायची. कार्ड खरवडलं की बक्षीस हमखास, पण ते घ्यायला रिसॉर्टवर जाऊन भाषण ऐकायचं. म्हणजे बीच रिसॉर्ट एकाच वेळी राहायची जागाही होतं आणि दुकानही. राहायला आलेला माणूस हेच दुकानाचं गिऱ्हाईक.

विकलेला वेळ हा नक्की कोणाचा, हा प्रश्न करखात्यालाही पडला. सभासदाकडून पहिल्याच वर्षी घेतलेली फी हे त्याच वर्षाचं उत्पन्न मानायचं का? 2010 साली महिंद्रा हॉलिडेजच्या प्रकरणात चेन्नईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष पीठानं सांगितलं, सगळी रक्कम नाही. कारण पुढची अनेक वर्षं खोली देण्याचं बंधन कंपनीवर आहे. म्हणजे जे विकलं गेलं ती वस्तू नव्हती, वचन होतं.

हे वचन किती ताणता येतं, ते महाराष्ट्रानं पॅनकार्ड क्लब्स या मुंबईच्या कंपनीत पाहिलं. तिच्या योजनेत हॉटेलच्या रात्री विकत मिळायच्या. राहिलात तर राहिलात. नाही राहिलात तर मुदत संपल्यावर त्या रात्री परत करून वाढीव पैसे मिळतील, असं आश्वासन होतं. लोकांनी दुसरा पर्याय ऐकला. रिसॉर्टची रात्र ही मुदत ठेवीची पावती झाली. जुलै 2014 मध्ये सेबीनं नवे पैसे घ्यायला बंदी केली. 29 फेब्रुवारी 2016च्या आदेशात ही सुट्टीची विक्री नसून नोंदणी न केलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असं ठरवून पैसे परत करायला सांगितलं. आकडा होता सुमारे 7,035 कोटी रुपये, गुंतवणूकदार 51 लाखांवर. पुढे प्रकरण मालमत्तांच्या लिलावापर्यंत आणि दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापर्यंत गेलं.

या आकड्यांवर शाळेतलं गणित करून बघा. 51 लाख माणसांनी वर्षातून फक्त एकेक रात्र मागितली असती, तर रोज रात्री जवळजवळ 14,000 खोल्या लागल्या असत्या. तेवढ्या खोल्यांची गरज कोणाला भासली नाही, कारण बहुतेकांना खोली नकोच होती. अशी योजना माणसं येणार नाहीत याच भरवशावर उभी असते.

बँकही अशाच भरवशावर चालते. सगळे खातेदार एकाच दिवशी पैसे मागायला येणार नाहीत, हे ती गृहीत धरते. पण तिच्यामागे रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि 5 लाखांपर्यंतचा ठेवविमा असतो. रिसॉर्टच्या रात्रीमागे यातलं काहीच नसतं. असतो तो हॉलमधला व्हिडिओ आणि ओळखीचा एजंट. या एजंटमुळेच अशा योजना समुद्रापासून लांबच्या गावांत रुजतात. तो कोणाचा तरी भाऊजी असतो, कोणाचे तरी निवृत्त सर असतात. पैसे समुद्राकडे बघून दिलेले नसतात, त्याच्या तोंडाकडे बघून दिलेले असतात. बुडतात तेव्हा नातंही त्यांच्याबरोबर जातं.

टाइमशेअर म्हणजे फसवणूकच, असं नाही. दरवर्षी खरोखर जाणारी, बुकिंग आधी करणारी, वाढत जाणारी मेंटेनन्स फी परवडणारी कुटुंबं आहेत, आणि त्यांना तो फायद्याचा पडतो. फरक एवढाच की ती राहायला जातात.

तेव्हा फोन आला आणि हॉलमध्ये बसायची वेळ आली, तर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडून दोनच गोष्टी विचारा. खोल्या किती आणि सभासद किती? खोल्यांना 365 नं गुणा, सभासदांना कबूल केलेल्या रात्रींनी. दुसरी संख्या मोठी आली, तर तुमची रात्र विकून झालेली आहे. दोन्ही आकडे सांगायला समोरचा माणूस तयार नसेल, तर गुणाकाराचीही गरज नाही. गिफ्ट तिथंच ठेवून घरी या.