वर्गाची सरासरी १३.६, मुलीला १५ गुण. मग ती पुढे आहे की मागे?

सातवीतल्या मुलीचा गणिताच्या घटक चाचणीचा पेपर घरी येतो. २० पैकी १५ गुण. वर्गाची सरासरी १३.६. ‘सरासरीच्या वर आहे, म्हणजे ठीक आहे,’ असं म्हणत पालक सही करून टाकतात. पण खरंच ठीक आहे का? सरासरी नेमकं काय सांगते आणि काय लपवते, ते पाहूया.

सरासरी फसवी कशी ठरते?

सोयीसाठी वर्गात दहाच मुलं आहेत असं धरू. त्यांचे गुण असे: १८, १८, १७, १७, १६, १६, १६, १५, २, १. बेरीज १३६, म्हणून सरासरी १३.६. १५ गुण मिळवणारी मुलगी सरासरीच्या वर आहे, पण दहा जणांत तिचा क्रमांक आठवा. शेवटच्या दोन मुलांच्या गुणांनी सरासरी खाली ओढली आहे. गैरहजर मुलांचे गुण शून्य धरले तरी हेच होतं.

अशा वेळी ‘मध्यक’ उपयोगी पडतो. सगळे गुण उतरत्या क्रमाने लावायचे आणि मधली संख्या पाहायची. इथे मध्यक १६ आहे. म्हणजे मुलगी मधल्या मुलापेक्षा एका गुणाने मागे आहे. फरक फार मोठा नाही, पण ‘सरासरीच्या वर’ या शब्दांनी जे चित्र उभं राहिलं होतं, तसं ते नाही.

सरासरीइतके गुण कुणालाच नसतील तर?

तेही शक्य आहे. पाच मुलांना १८ आणि पाच मुलांना ८ गुण मिळाले, तर सरासरी १३ येते. १३ गुण मात्र वर्गात एकालाही नाहीत. सरासरी पाहून शिकवायचं ठरवलं, तर अर्ध्या वर्गाला ते सोपं वाटेल आणि उरलेल्या अर्ध्याच्या डोक्यावरून जाईल. खरी मदत ज्यांना हवी, ती मुलं सरासरीच्या आड दडून जातात.

गुण कमी झाले म्हणजे प्रगती थांबली?

पहिल्या चाचणीत १५ गुण, सरासरी १७. दुसऱ्या चाचणीत १२ गुण, सरासरी ९. गुण तीनने घटले, पण आधी दोनने मागे असलेलं मूल आता सरासरीच्या तीनने पुढे आहे. बहुधा दुसरा पेपर अवघड होता. शिवाय २० गुणांच्या चाचणीत तीन गुणांचा एक प्रश्न सुटला, तर १५ टक्के जातात. त्यामुळे एकाच चाचणीवरून निष्कर्ष काढू नये.

श्रेणीचं काय?

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सातवी-आठवीत आकारिक मूल्यमापनाला (तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, छोट्या चाचण्या वगैरे) ४० टक्के आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला ६० टक्के भारांश असतो. दोन्ही मिळून ६१ ते ७० टक्क्यांना ब-२ आणि ७१ ते ८० टक्क्यांना ब-१ श्रेणी मिळते. म्हणजे ७० आणि ७१ मध्ये श्रेणी बदलते, तर ६१ आणि ७० ला श्रेणी एकच. म्हणून प्रगतिपुस्तकात श्रेणीबरोबर गुणही पाहावेत.

पालकसभेत काय विचारावं?

- वर्गातले सर्वांत जास्त, सर्वांत कमी आणि मधले गुण किती?
- सरासरीत गैरहजर मुलं धरली आहेत का?
- गुण कोणत्या घटकात गेले: अपूर्णांक, समीकरणं की भूमिती?
- चूक आकडेमोडीची आहे, की संकल्पनाच कळलेली नाही?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं सरासरीत सापडत नाहीत, ती उत्तरपत्रिकेत असतात. म्हणून सही करण्याआधी मुलासोबत बसून पेपर एकदा उलगडून पाहावा. मागच्या वेळी चुकलेलं गणित या वेळी बरोबर आलं असेल, तर ती प्रगती आहे, मग वर्गाची सरासरी काहीही असो.